मोती गेला, चिंगी आली

कुत्रे मेले म्हणून आमच्या घरात दोन वेळा चूल पेटली नाही, हे चारचौघांत सांगायची आम्हांला बरेच दिवस लाज वाटत होती. ज्या समाजाने माणूस म्हणून जगता यावे यासाठी पिढ्यान्‌पिढ्या टाचा घासल्या, त्या समाजातल्या एका घराने कुत्र्यासाठी रडावे, हे कोणाला पटणार? 'दिवस बरे आले की असले चोचले सुचतात,' असे एका नातेवाईकांनी तोंडावर बोलूनही दाखविले. त्या दिवशी त्यांना उत्तर देता आले नाही. आता मन शांत झाले आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही पंचवटीत राहतो. गणेशवाडीच्या खालच्या अंगाला, गोदावरीपासून हाकेच्या अंतरावर. काळाराम मंदिर घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्या मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे कित्येक वर्षे नेटाने चालविला. आमच्या घरच्या आजींचे वडील दिंडोरीकडच्या खेड्यातून त्या सत्याग्रहाला आले होते. आजी ही गोष्ट पाहुण्यांना सांगतात, तेव्हा आवाज जरा चढतो.

मोती आमच्याकडे २०१२ साली आला. पांढरा शुभ्र पॉमेरेनियन, कापसाच्या गोळ्यासारखा. विकणारा म्हणाला, "साहेब, एकदम जातिवंत आहे." घरी आल्यावर ते वाक्य कौतुकाने सांगितले, तर आजी लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "आता कुत्रं पण जात बघून आणलं का रे?" सगळे हसलो. विषय तेवढ्यावर राहिला.

आजींचे आणि कुत्र्यांचे नाते सरळ नव्हते. त्या सांगत, "आमच्या गावात पाटलाच्या विहिरीवर कुत्री पाणी प्यायची. त्यांना कोणी हाकलीत नव्हतं. आम्ही लांब उभं राहायचं, कोणी वाढलं तर प्यायचं. लहानपणी मला कुत्र्याचा हेवा वाटायचा बघ." महाडच्या चवदार तळ्याची हकीकत आपण सारे दर वर्षी २० मार्चला ऐकतो. गुराढोरांना, कुत्र्यांना तळे मोकळे आणि माणसांना बंद. पण जिने तो हेवा स्वतः अनुभवला तिच्या तोंडून तो ऐकणे वेगळे. म्हणून मोतीने त्यांच्या खाटेवर चढायचे नाही, हा नियम त्यांनी केला आणि आम्ही तो पाळला. मात्र भाकरीचा पहिला पापुद्रा खाटेखाली हात घालून मोतीलाच मिळे. हे त्या कोणी बघत नसताना करीत आणि आम्ही बघितले नाही असे दाखवीत असू.

सात वर्षे मोती घरात होता. सुक्या बोंबलाचा वास आला की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा, आत यायचा नाही. दिवाळीत फटाक्यांच्या भीतीने खाटेखाली. २०१५ च्या सिंहस्थात पंचवटीत पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हा गर्दीवर भुंकून भुंकून त्याचा घसाच बसला. थोरलीची शाळेची रिक्षा कोपऱ्यावर वळली की त्याला आमच्या आधी कळे. ती चार वर्षांची असताना तो आला. तिला मोतीविना घर आठवतच नव्हते.

४ ऑगस्ट २०१९, रविवार. त्या दिवशी गोदावरीला महापूर आला. नाशिककर पुराची उंची दुतोंड्या मारुतीवरून मोजतात, हे बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवे. पाणी गुडघ्याला लागले, कमरेला लागले, अशा बातम्या गल्लीत तोंडोतोंडी येतात. २०१६ च्या २ ऑगस्टचा पूर ताजा होता, त्यामुळे आम्ही वेळीच आवराआवर केली. धान्याची पोती, शाळेची दप्तरे, कागदपत्रे, बाबासाहेबांची तसबीर, सगळे शेजाऱ्यांच्या माडीवर नेले. मोतीला थोरलीने उचलून नेले. माणूस सुखरूप, सामान सुखरूप, कुत्रे सुखरूप. सुटलो असे वाटले.

सुटलो नव्हतो. पाणी ओसरल्यावर गल्लीत पोटरीभर गाळ होता. दोन दिवस आम्ही फावड्याने गाळ उपसत होतो आणि मोती आमच्यामागे त्या गाळातून फिरत होता. पंज्याला कशाने तरी थोडे कापले होते. डबक्यातले पाणी चाटलेले एकदा आम्ही पाहिलेही. कोणाच्या मनात काही आले नाही.

आठवड्याभराने त्याने खाणे सोडले. ओकाऱ्या सुरू झाल्या, पाणी मात्र सारखे प्यायचा. पहिल्या डॉक्टरांनी 'पावसाळ्यात पोट बिघडतेच' म्हणून इंजेक्शन दिले आणि परत पाठविले. दोन दिवस त्यात गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या हळदीसारख्या पिवळ्या झाल्या होत्या. रक्त तपासले आणि विचारले, "दरवर्षीची लस दिली होती का?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. लहानपणी सगळ्या लसी दिल्या होत्या. रेबीजचीही दर वर्षी देत होतो, कारण तिची भीती असते. दुसरी, ती अनेक रोगांची एकत्र लस असते, ती मागची दोन वर्षे राहून गेली होती. एक वर्ष घरात लग्न होते. दुसऱ्या वर्षी का राहिली ते आठवत नाही.

रोग होता लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मूत्रातून त्याचे जंतू पुराच्या पाण्यात आणि चिखलात मिसळतात आणि कातडीवरच्या जखमेतून, डोळ्यांतून, तोंडातून शरीरात शिरतात. यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होतात. तो माणसालाही होतो. आजारी कुत्र्याच्या मूत्रातूनही होऊ शकतो. डॉक्टरांनी आम्हांलाही विचारले, कोणाला ताप, अंगदुखी आहे का? मोतीचे अंथरूण उचलताना रबरी हातमोजे घाला, फरशी ब्लीचिंग पावडरने धुवा आणि तुम्ही स्वतः गाळात उतरला होतात तेव्हा तुमच्या डॉक्टरांनाही दाखवून घ्या, असे बजावले. नदीकाठच्या वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. पुरानंतर ताप आला आणि आपण पाण्यातून चाललो होतो, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे.

तीन दिवस सलाईन चालले. चौथ्या दिवशी पहाटे मोती गेला. मखमलाबादला एका स्नेह्यांचे शेत आहे. त्यांच्या बांधावर, विहिरीपासून लांब, चार फूट खड्डा घेऊन, चुना टाकून त्याला पुरले. पट्टा कोणी काढला नाही.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, त्यात फार शिरत नाही. एवढेच सांगतो की दुःखापेक्षा अपराधाचे ओझे जड होते. म्हातारपणाने गेला असता तर रडून मोकळे झालो असतो. इथे रोज हिशेब चाले. लस दिली असती तर, गाळात जाऊ दिले नसते तर, पहिल्या दिवशीच दुसरीकडे नेले असते तर. आम्ही उभयता एकमेकांवरही चिडलो. लस कोणी लक्षात ठेवायची होती, यावरून दोन दिवस अबोला धरला. कुत्र्यावरून नवरा-बायकोत अबोला, हे लिहितानाही ओशाळल्यासारखे होते, पण झाले ते झाले.

आणि हे सगळे लपवून करायचे. कामावर सुटी मागताना 'घरात आजारपण' असे सांगितले. कुत्रे गेले म्हणून सुटी कोण देणार? अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली या प्रकाराला नाव दिले. ज्या दुःखाला समाजाची मान्यता नाही, ज्यासाठी कोणी भेटायला येत नाही, ज्याचा दिवस पाळला जात नाही, असे दुःख. माणूस ते आतल्या आत गिळतो आणि म्हणून ते लवकर पचत नाही. वाचताना वाटले, या गृहस्थांना आमच्या घराचा पत्ता कोणी दिला!

मान्यतेचेही कसे असते पाहा. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांना त्यांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याने शिकारीत वाघापासून वाचविले, असे सांगतात. त्या कुत्र्याला पालखीचा मान होता आणि संगम माहुलीला त्याची समाधी आजही दाखविली जाते. राजाने कुत्र्यासाठी दगड कोरला तर इतिहास होतो. भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याने डोळे पुसले तर चोचले होतात.

धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. त्याला कोणीतरी प्रेमाने सांगितले, 'मोती झोपला आहे.' झाले, त्या रात्रीपासून पोरगा झोपेना. झोपलो तर आपल्यालाही मखमलाबादला नेतील ही भीती! चार दिवसांनी खरे कारण बाहेर आले. मग त्याला सरळ सांगितले की मोती मेला. मेला म्हणजे त्याचे शरीर थांबले, आता तो उठणार नाही, त्याला दुखत नाही. त्याने दहा वेळा तेच विचारले, दहा वेळा तेच सांगितले. मग झोपला. मुलांना गोड शब्दांनी फसवू नये, हे आम्ही त्या आठवड्यात शिकलो.

थोरलीचे अवघड होते. ती अकरा वर्षांची. बोलतच नव्हती. विहारातले एक उपासक, भला माणूस, तिला म्हणाले, "बाळ, सर्व अनित्य आहे. जे जन्मले ते जाणारच." शब्द खोटा नव्हता. पण ती उठून आत गेली. नंतर आजींनी त्यांना ऐकविले, "दादा, किसा गोतमी मेलेलं लेकरू घेऊन आली, तेव्हा भगवंतांनी तिला आधी अनित्य नाही सांगितलं. मोहरी आणायला धाडलं. घरोघर जाऊन तिचं तिला कळलं." आम्ही ही कथा शेकडो वेळा ऐकली आहे, पण हा अर्थ आमच्या ध्यानात आला नव्हता.

आणि तसेच घडले म्हणायचे. बातमी गल्लीत पसरली तशी एकेक बाई ओसरीवर टेकू लागली आणि प्रत्येकीकडे एक जनावर निघाले. समोरच्या काकूंची शेळी लहानपणी वाघळाच्या कडेला साप चावून गेली होती. तिचे नाव त्यांना पन्नास वर्षांनी आठवत होते. रिक्षावाल्या भाऊंचे कबुतर. इस्त्रीवाल्या मावशींच्या माहेरचा बैल, बाजारात विकला तेव्हा मागे वळून पाहत गेला. इतकी वर्षे शेजारी राहून यातले आम्हांला काही माहीत नव्हते. थोरली दाराआडून ऐकत होती, मग दारात आली, मग काकूंच्या शेजारी बसली.

त्याच सुमारास तिने घरातल्या एका पुस्तकातला फोटो आणून आमच्यासमोर ठेवला. फेब्रुवारी १९३४ मधला, दादरच्या राजगृहातला. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव, थोरल्या भावजय लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव, आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबी. हा फोटो आपल्यापैकी कितीतरी घरांत आहे. आम्ही त्यात रमाईंचा चेहरा पाहतो, कारण पुढच्याच वर्षी, २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. कुत्र्याकडे नीट पाहिले ते थोरलीने. "बाबासाहेबांनी टॉबीला फोटोत घेतलं ना? मग?" या 'मग'ला उत्तर नव्हते. चोचले म्हणणाऱ्या त्या नातेवाईकांना आम्ही पुढच्या भेटीत तो फोटो दाखविला. ते म्हणाले, "ते बाबासाहेब होते." आता यावर काय बोलणार!

दुसरे कुत्रे आणायचे नाही, असे ठरले होते. कोणीतरी तसलाच पांढरा पॉमेरेनियन आणून द्यायला निघाले होते, आम्ही हात जोडले. मोतीची ताटली धुऊन माळ्यावर ठेवली.

मग २०२० चा मार्च आला आणि टाळेबंदी लागली. पंचवटी रिकामी झाली. रामकुंडावर चिटपाखरू नाही, धर्मशाळा बंद, मिसळीच्या आणि भज्यांच्या गाड्या बंद. यात्रेकरूंच्या उरल्यासुरल्यावर जगणारी घाटावरची कुत्री उपाशी पडली. १४ एप्रिलची जयंती आपण सर्वांनी घरातच साजरी केली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दूध आणायला बाहेर पडलो, तर बंद दुकानाच्या फळीखाली एक पिल्लू. एका पडक्या वाड्यात कुत्रीला पाच झाली होती. तीन नर लोकांनी उचलून नेले. एक मादी मेली, एक उरली. "मादी कोण घेणार? उद्या पिल्लं घालत बसेल," दूधवाले म्हणाले.

ऐकल्यासारखे वाटले ना वाचकहो? आमच्याही कानांना ते ओळखीचे वाटले. थोरलीच्या जन्माच्या वेळी दवाखान्याच्या व्हरांड्यात साधारण याच सुरात कोणीतरी बोलले होते. पिल्लू पिशवीत घातले.

काळी-तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला, पोट जंताने फुगलेले. धाकट्याने नाव ठेवले चिंगी. गल्लीतून प्रश्न आला, "कुठल्या जातीची?" 'गावठी' म्हटल्यावर 'हं' असा उद्गार आणि पुढे काही नाही. त्या 'हं'चा अर्थ आपल्या समाजाला फोड करून सांगायची गरज नाही. जातककथांत कुक्कुर जातक आहे. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडे रात्री कुत्र्यांनी खाल्ले, म्हणून राजाने नगरातली सारी कुत्री मारायचा हुकूम सोडला, फक्त राजवाड्यातली जातिवंत कुत्री वगळून. तेव्हा कुत्र्याच्या जन्मात असलेल्या बोधिसत्त्वाने राजाला विचारले, हा कोणता न्याय? राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि दर्भ खाऊ घालून ओकायला लावले, तर चामडे त्यांच्याच पोटातून पडले. ही गोष्ट आजींनी त्या टाळेबंदीत धाकट्याला इतक्या वेळा सांगितली की तो चिंगीला 'बोधिसत्त्व' म्हणू लागला.

थोरली मात्र चिंगीजवळ गेली नाही. माळ्यावरची ताटली काढली, तर तिने हिसकावून घेतली. चूक आमची होती. मोतीची ताटली मोतीची. बाजार बंद होता, म्हणून चिंगीसाठी जुनी जर्मनची थाळी दिली. आमचेही काही वेगळे नव्हते. सारखी तुलना चाले. मोती उंबरा ओलांडीत नव्हता, ही थेट चुलीपाशी. मोती शहाणा, ही चपला कुरतडते. आणि हाक मारताना तोंडातून 'मोती'च निघे. ती त्या हाकेलाही शेपूट हलवीत यायची. मग आपल्यालाच कसेसे व्हायचे.

दहाव्या दिवशी खेळता खेळता तिने धाकट्याचे बोट चावले. रक्त आले. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि टाळेबंदीत पोलिसांना सांगत सांगत सरकारी दवाखाना गाठला. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की वाचणे नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. पिल्लू आहे, घरचे आहे, म्हणून कोणी अंगावर काढू नये. वेळापत्रकाप्रमाणे सगळे डोस पुरे केले. एक चुकवून आम्ही पस्तावलो होतोच.

त्या रात्री ठरले की चिंगीला परत सोडायचे. आजी म्हणाल्या, "एक गेला त्याचं दुःख सरलं नाही आणि हे नवीन आजारपण." आम्हांलाही वाटले, बरोबर आहे. तेव्हा कोपऱ्यातून थोरली बोलली. कित्येक दिवसांत चिंगीबद्दलचा तिचा पहिला शब्द. "तिला आई नाही, भावंडं नाहीत. चावल्यावर दुखतं हे तिला कोण सांगणार होतं?"

हे तिने अंदाजाने सांगितले, पण तसेच असते. पिल्ले एकमेकांना चावत, किंचाळत शिकतात की दात किती लावायचा. एकटे वाढलेले पिल्लू ते शिकत नाही. दुसऱ्या दिवसापासून थोरलीने शिकवणी सुरू केली. दात लागला की 'आई गं' म्हणून खेळ बंद, पाठ फिरवायची. तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत शिकली कोण आणि शिकविले कोणी, ते आम्ही बाजूला बसून पाहत होतो. जपानमधील अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले आहे की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आईला तान्ह्या बाळाशी जोडणारे ते हेच द्रव्य. एकदा संध्याकाळी थोरली जमिनीवर पालथी पडून चिंगीच्या नाकाला नाक लावून तिच्याकडे बघत होती. किती वेळ, कोण जाणे. डाळ करपली.

सर्वचिकित्सेसाठी जनावरांचे दवाखाने टाळेबंदीतही चालू होते. चिंगीला जंताचे औषध झाले, एकत्र लसीचे डोस झाले, तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची लस, पुढे सहा महिने उलटल्यावर पिल्ले न होण्याची शस्त्रक्रिया. दिनदर्शिकेवर लसीच्या तारखेभोवती थोरली लाल पेनाने गोल करते आणि महिनाभर आधीपासून आठवण देते. पावसाळ्यात गल्लीत पाणी साचले की चिंगीला बाहेर सोडायचे नाही, हा आजींचा हुकूम. खाटेवर चढायचे नाही, हा जुना नियम चिंगीने दुसऱ्याच हिवाळ्यात मोडला. आजी कुरकुरल्या, "मोती ऐकायचा बाई," आणि गोधडी सरकवून जागा केली.

मखमलाबादच्या स्नेह्यांकडे गेल्या वर्षी द्राक्षे खायला गेलो, तेव्हा चिंगी बरोबर होती. थोरली तिला बांधावर घेऊन गेली. मोतीला पुरले ती जागा आता गवताने भरली आहे, पण तिला अचूक ठाऊक आहे. ती गप्प उभी राहिली. चिंगीने जमीन हुंगली आणि दोन्ही पंजांनी तीच जागा उकरायला लागली. थोरली आधी ओरडली, मग हसू लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिने पट्टा धरून चिंगीला ओढत विहिरीकडे पाणी प्यायला नेले.